खंडोबाच्या पाठीवरचा नंबर

मुलांनो, घासून पालथ्या ठेवलेल्या देवघरातल्या चांदीचा फोटो पाठवला, तर तुम्ही नेमके खंडोबाच्या टाकामागचे उलटे आकडे हेरलेत आणि विचारलंत, "आजी, हा देवाचा पासवर्ड का?" हसा खुशाल. ते आकडे रिव्हॉल्व्हरचे आहेत. त्यांच्यापायी झालेला वैताग सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही काळेवाडीत राहत होतो. माझे सासरे चाकणच्या बाजारात कांद्याचे व्यापारी. रोकड घेऊन ट्रकमधून अंधार पडल्यावर परतायचे, म्हणून त्यांच्याकडे परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. एका वर्षी सासूबाईंना वाटलं, नुसत्या हळदकुंकवानं भागत नाही. त्यांनी सोनाराला बोलावून खंडोबाचा पातळ चांदीचा टाक मुठीच्या बुडाला ठोकून घेतला. कोणाला विचारलं नाही.

आमच्या त्या जुन्या बनावटीत नंबर कोरलेला होता मुठीच्या बुडालाच. म्हणजे बरोबर देवाखाली!

पुढे परवान्याचं नवं पुस्तक करताना कारकुनाला नंबर सापडेना. त्याने नवी रिव्हॉल्व्हरं पाहिली होती. त्यांत गोळ्यांचं चक्र बाहेर वळवलं की आतल्या सांगाड्यावर नंबर दिसतो. आमच्यातही तिथे काही आकडे होते. ते कारखान्यात सुटे भाग जुळवण्यापुरते टाकलेले, पण कारकुनाने तेच उतरवले. घरात कोणी ताडून पाहिलं नाही.

नूतनीकरणाच्या वेळी नव्या फौजदारांनी रिव्हॉल्व्हर घेतल्याचं दुकानाचं बिल मागितलं. बिलावर एक नंबर, परवान्यावर भलताच. "हे हत्यार तुमचं नाहीच," ते म्हणाले. "खुलासा करा, नाहीतर जप्ती आणि गुन्हा."

तुमचे आजोबा पिंपरीला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. बिल इंग्रजीत. तेव्हा सासऱ्यांबरोबर ठाण्यात मी गेले, आणि देवावर लक्ष ठेवायला सासूबाईही आल्या.

"टाक काढा, खरा नंबर त्याखाली आहे," मी म्हणाले.

"द्येवाला खिळं उपटून काढायचं व्हय?" सासूबाई कडाडल्या. "आमी न्हाई काढू देनार."

"अगं, मला आत टाकतील!" सासरे म्हणाले.

"टाकू द्या. द्येव सोडवंल."

मी आशेने फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी रिकामं रिव्हॉल्व्हर उचललं, टाक दिसताच कपाळाला लावलं आणि अलगद खाली ठेवलं. "बाई, आमचंही कुलदैवत हेच. तुम्हीच काढा." हवालदार म्हणाला, रविवारी, खंडोबाच्या वारी काढला तर बरं.

माझं डोकं फिरलं. गुन्हा दाखल करायला सगळे तयार, दोन खिळे काढायला कोणी नाही! मी अंबाड्यातली पिन उपसली आणि टेबलाशी उभी राहून टाक उचकटला. खाली नंबर होता, बिलावरचाच. फौजदारांनी परवान्यावर दुरुस्ती केली आणि वर मलाच विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

परतताना सासूबाई बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शिकलेली सून आनली. द्येव उपटती."

सोनाराने टाक इतका घट्ट बसवला होता की खालचे आकडे चांदीत उलटे उठले होते. सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला, पाठ भिंतीकडे करून.

सासरे गेल्यावर रिव्हॉल्व्हर पोलिसांत जमा केलं. टाक घरात आहे, खिळ्यांच्या दोन भोकांसकट. आरशासमोर धरला की नंबर अजून वाचता येतो.