आत्याबाईंनी पाहिलेलं शेवटचं स्थळ

कुणाच्याही घरी न कळवता, जेवायच्या वेळी जाऊ नये, हे आम्हाला शिकवलं आत्याबाईंनी. आणि आमच्या अख्ख्या महाल वस्तीत हा नियम मोडणारी बाईही एकच होती, त्याच. गल्लीतल्या एखाद्या मुलीला स्थळ सांगून आलं, की मुलीचा बाप पत्रिका घेऊन गुरुजींकडे जायचा आणि आई गुपचूप आमच्याकडे यायची. मग एक दिवस भर दुपारी आत्याबाई सायकलरिक्षात बसायच्या आणि मुलाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. "इकडून जाऊन राहिली होती, तहान लागली," एवढं कारण त्यांना पुरायचं.

पाणी येईपर्यंत त्यांचं काम झालेलं असायचं. घरची सून पंगतीत बसली आहे की चुलीपाशी, तिच्या वाट्याला भाजी उरते का, तिला काही विचारलं तर ती आधी सासूकडे पाहते का. "बैठक तं समदेच सजवतात वं," त्या म्हणायच्या, "घर पाहाचं तं जेवाच्या वक्ती पाहावं." या पाहण्यातून मोडलेल्या सोयरिकींपायी त्यांनी शिव्याही पोटभर खाल्ल्या. त्या त्यांना पचल्या. बरोबर मला नेत, आणि लाजेनं मेल्यासारखं व्हायचं ते मला.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. तरुणपणी त्यांना बऱ्याच जणांना दाखवलं. शेवटच्या पाहुण्यांनी त्यांनाच आपल्या घरी बोलावलं होतं. तिथे कुणीतरी म्हणालं, "जरा चालून दाखव." आत्याबाई उठल्या, चालायला लागल्या, आणि चालत चालत दारातून बाहेर पडून थेट आपल्या घरी आल्या. त्यानंतर त्या कुणापुढे मान खाली घालून बसल्या नाहीत. मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्या. आमची आई गेल्यावर दादाला आणि मला त्यांनीच वाढवलं. दादावर त्यांचा जीव जरा जास्तच होता, हे मी आता न कुरकुरता सांगू शकते.

दादा अमेरिकेला गेला तो सत्तरच्या आसपास. नोकरीत स्थिरावल्यावर त्याचं पत्र आलं. त्याला आणि वहिनीला आपल्याकडच्या एखाद्या गरीब मुलीचा शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च उचलायचा होता. तिथे अनेकजण असं करत. चांगली संस्था आत्याबाईंनी निवडावी, आणि मुलीचा फोटो पाठवावा. वहिनी तो चौकटीत लावणार होती. मी म्हटलं, नाव ऐकलेली कुठलीही संस्था सांगून टाकू. आत्याबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोरगी द्याच्या आधी घर पाहतो ना आपण? मंग पैसा द्याच्या आधी काहून नाही पाहाचं?"

पहिली संस्था शहरातच होती, मोठ्या फाटकाची. आम्ही दुपारी बाराला पोचलो. व्यवस्थापकांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं, चहा दिला. जेवणघर पाहू का, असं आत्याबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "नंतर पाहू ना." थोड्या वेळानं पाच-सहा मुली रिबिनी बांधून आत आल्या आणि त्यांनी स्वागतगीत म्हटलं. "यातली कोणती आवडते ते सांगा," व्यवस्थापक हसून म्हणाले. आत्याबाईंचा चेहरा उतरला. शेवटच्या मुलीचा फ्रॉक तिला इतका मोठा होता, की पाठीवर सेफ्टी पिन लावून आवळला होता. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "जेवली का वं तू?" मुलीनं आधी व्यवस्थापकांकडे पाहिलं. आत्याबाई उठल्याच. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "हे तं पोट्टी दाखवाचा कार्यक्रमच झाला."

पुढच्या आठवड्यात आम्ही एसटीनं उमरेडच्या बाजूला गेलो. विणकरांच्या आणि खाणमजुरांच्या मुलींचं एक लहानसं वसतिगृह तिथं एक बाई चालवत. कौलारू इमारत, पुढे पडवी. बाईंनी दारातच अडवलं. "पोट्ट्या जेवून राहिल्या. त्यायचं होऊ द्या." आम्ही पायरीवर बसलो. उन्हाचा तडाखा होता, माझ्या पोटात कावळे ओरडत होते, आणि आत्याबाई चक्क खूश दिसत होत्या. आतून ठेच्याचा वास आणि मोठमोठ्यानं भांडण्याचे आवाज येत होते. "भांडून राहिल्या म्हंजे भीत नाहीत," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

मुलींचं आटोपल्यावर आम्हालाही ताटं मिळाली, तीच भाकरी, तेच वरण. फोटोचं नाव काढताच बाईंनी मान हलवली. "पैसा द्या, लागते. पन एकीच्या नावानं नाही. एकीले पैसेवाल्याकडून बाहुली आली, तं बाकी पंगतीनं काय पाहाचं? आन् फोटो कोनाचाच पाठवत नाही मी." आत्याबाईंनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला, "माझा पोट्टा पाठवन." त्या भरवशावर बाईंनी पैशांअभावी दारातून परत पाठवलेल्या दोन बहिणींना ठेवून घेतलं.

पण दादाला ते पटलं नाही. ज्या मुलीसाठी पैसे द्यायचे तिचा चेहराही पाहायचा नाही, हा कसला न्याय, असं त्यानं लिहिलं. आत्याबाईंनी उत्तर माझ्याकडून लिहवून घेतलं: "मला चालून दाखवायला सांगितलं होतं, ते तुला ठाऊक आहे. पैसे देणाऱ्यापुढे मी कुणाच्या मुलीला चालवणार नाही." त्यानंतर दादाची पत्रं थांबली. आत्याबाई दर रविवारी पिशवीत तुरीची डाळ भरून उमरेडची गाडी धरायच्या. दिलेला शब्द होता, आणि त्या दोघी बहिणी होत्या. संध्याकाळी परत आल्या की पिशवी खुंटीला अडकवायच्या आधी विचारायच्या, "दादाचं काही आलं का वं?" मला नाही म्हणणं जड जायचं.

पावसाळा संपता संपता पैसे आले, आणि मग येतच राहिले. आत्याबाईंच्या रविवारच्या फेऱ्याही शेवटपर्यंत चालू राहिल्या. फोटोचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. पण पत्रं कोरडी झाली, ती कोरडीच राहिली. भाच्याचं प्रेम की अनोळखी मुलीचा मान, यातलं त्यांनी काय निवडलं ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचं दुःखही होतं. ते त्या लपवत नसत.

आत्याबाई गेल्या तेव्हा दादा वेळेवर पोचू शकला नाही. तेराव्याला आला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "उमरेडला जाऊ. कळवू नको." आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. बाई आता थकल्या होत्या, पण दारात त्याच आल्या. "पोट्ट्या जेवून राहिल्या," त्या म्हणाल्या, "त्यायचं होऊ द्या." दादानं कॅमेरा गळ्यातून काढला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

पायरीवर आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन एक मुलगी आली. तिच्या हाताला वरण लागलेलं होतं. आपल्या पैशांवर कोण शिकतं, हे दादानं तिला विचारलं नाही, तिचं नावही विचारलं नाही. तिनंच विचारलं, "तुमी कोन?"

दादानं तिच्या हातातून तांब्या घेतला. मग म्हणाला, "मी आत्याबाईंचा पोट्टा."

"मंग इथं नका बसू," ती म्हणाली. "आत्याबाई आमच्या पंगतीत बसत." आणि ती त्याच्यासाठी पाट मांडायला आत पळाली.