साबळे गुरुजींचे एकोणचाळीस प्लगिन

फेब्रुवारी संपत आला होता आणि साबळे गुरुजींच्या ब्लॉगवर अजून बर्फ पडत होता.

पांढरे ठिपके वरून सावकाश यायचे, काळभात या भाताच्या वाणाच्या माहितीवरून घरंगळत जायचे आणि पानाच्या तळाशी नाहीसे व्हायचे. मी मोबाईलवर वेळ लावून बघितली. पान पूर्ण उघडायला अडतीस सेकंद लागले.

"बर्फ कशासाठी, गुरुजी?" मी विचारलं.

"डिसेंबरात लावला होता. आमच्या डोंगरात थंडी असते."

"बर्फ पडतो?"

"नाही. पण वातावरणनिर्मिती होते."

मी नगरला सावेडीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या ऑफिसात वेबसाईट दुरुस्तीचं काम करते. ऑफिसात मी, शेख सर आणि एक बंद एसी. हे काम मला आवडतं, कारण वेबसाईट समोरून बोलत नाहीत. गुरुजी मात्र स्वतः समोर येऊन बसले होते. राजूरच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, आता मुलाकडे नगरला राहणारे. डोंगरातली शेती, जुनी अवजारं, भाताचे वाण यांबद्दल ते ब्लॉग लिहायचे. वाचक म्हणजे राजूर आणि आसपासच्या गावांतले त्यांचे विद्यार्थी, आणि त्या विद्यार्थ्यांच्या घरची माणसं. त्या भागात मोबाईलला रेंज जेमतेम. अडतीस सेकंद थांबण्याइतकी तर नाहीच.

मी आतलं पान उघडलं. एकोणचाळीस प्लगिन होते.

प्लगिन म्हणजे काय ते गुरुजींनीच माझ्यापेक्षा बरं सांगितलं. "ब्लॉग म्हणजे ट्रॅक्टर. नांगर जोडला तर नांगरतो, ट्रॉली जोडली तर माल ओढतो. ही जोडायची अवजारं."

"बरोबर. पण तुम्ही एकोणचाळीस अवजारं एकदम जोडलीत."

"प्रत्येकाची शिफारस होती," ते म्हणाले.

खरंच होती. प्लगिनच्या यादीत प्रत्येकाखाली 'शिफारस केलेले' असं लिहून येतं. ती जाहिरात असते. गुरुजींना वाटायचं, कोणीतरी भल्या माणसाने शब्द टाकला आहे. त्यामुळे पान पटकन उघडावं म्हणून असलेले प्लगिनच तीन होते. हॉटेलवाला पोह्याच्या प्लेटा आधीच भरून ठेवतो, तसे ते पान आधीच तयार करून ठेवतात. तिघेही एकाच वेळी प्लेटा भरत होते आणि एकमेकांच्या रिकाम्या करत होते.

मी एकेक काढायला लागले. गुरुजी प्रत्येकाला नावानिशी निरोप देत होते.

"या घड्याळाचा काय त्रास आहे?"

"कोणी त्यात वेळ बघत नाही, गुरुजी."

"आपण बोलावून आणलं आणि आता जा म्हणायचं. बरं दिसत नाही."

शेख सर कोपऱ्यातून म्हणाले, "गुरुजी, मांडव काढल्याशिवाय रस्ता मोकळा होत नाही." गुरुजींनी मग घड्याळालाही निरोप दिला. शेवटी आठ प्लगिन राहिले. बर्फ गेला. पान चार सेकंदात उघडलं.

मग मी कमेंट उघडल्या आणि तिथे मला दुसरा प्रश्न दिसला. लेखांखाली परदेशी जाहिराती येऊन पडल्या होत्या. यांना स्पॅम म्हणतात. माणूस नाही, मशीन टाकतं. 'सुंदर लेख, आमच्याकडे स्वस्त बूट मिळतील' अशा अर्थाचं इंग्रजी. गुरुजींनी अशा प्रत्येक जाहिरातीला मराठीत उत्तर दिलं होतं.

'आपण माझा लेख वाचलात याबद्दल आभारी आहे. सध्या बूट नको आहेत. आपल्या गावाकडे भात होतो का, जरूर कळवावे. – साबळे.'

अशी कितीतरी उत्तरं. मी हसले नाही. मला हसू आलं की मी स्क्रीनच्या जवळ जाते, एवढंच.

"गुरुजी, यासाठी एक प्लगिन टाकते. वॉचमनसारखा असतो. नको त्या माणसाला दारातच अडवतो."

"आत्ताच एकतीस काढले ना?"

"हा लागेल."

मी सगळ्यात जास्त स्टार असलेला निवडला. अडवलेल्या माणसाला जो निरोप दिसतो, तो इंग्रजीत होता. मी त्याचं मराठी केलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी लिहायला मला वेळ लागतो, पण हे वाक्य पटकन सुचलं आणि मला ते चांगलंही वाटलं: 'आपला प्रतिसाद स्वीकारता येत नाही. सुधारून पुन्हा लिहा.' अडवलेला कचरा तीस दिवसांनी आपोआप पुसला जाईल, असंही लावून दिलं आणि काम संपलं असं समजले.

सव्वा महिन्याने गुरुजी परत आले. हातात पिशवी आणि पिशवीत सगळ्या लेखांच्या झेरॉक्स.

"ब्लॉग बंद करायचा आहे," ते म्हणाले. "या महिनाअखेरीला. कसा करतात ते सांग."

"पान उघडत नाहीये का?"

"पान छान उघडतं. माणसं बोलत नाहीत. आधी बाजाराच्या दिवशी चाळीसेक जण तरी लिहायचे. मी संध्याकाळी चहा घेऊन बसायचो वाचायला. आता सव्वा महिन्यात एक अक्षर नाही. हौसाबाईसुद्धा नाही. तिने तर माझी चूक काढल्याशिवाय एक लेख सोडला नव्हता."

"फोन करून विचारलंत?"

"प्रतिसाद काय मागून घ्यायचा असतो का, बाळ?"

मी वाचकांचे आकडे उघडले. वाचक होते. बाजाराच्या दिवशी तर पूर्वीपेक्षा जास्त. मी तसं सांगितलं आणि ते सांगायला नको होतं हे लगेच कळलं.

"म्हणजे वाचतात आणि गप्प बसतात," गुरुजी म्हणाले. "मग नाराज आहेत. माझंच काहीतरी चुकलं असणार."

शेख सरांनी चहा मागवला. मी तेवढ्यात स्पॅमचं फोल्डर उघडलं. तिथे बूट होते, कर्ज होतं, केस उगवायचं तेल होतं. आणि त्यांच्या मध्ये सगळं राजूर उभं होतं.

मी मराठी मनातल्या मनात आवाज करून वाचते. त्यामुळे मला ते सगळे ऐकूच आले.

'लई भारी गुरुजी.'

'गुरुजी, लई भारी लिहिलंय म्हणून लिवलं हुतं, ते का न्हाई घेतलं?'

'गुरुजी, आमी काय चुकलो?'

'एका शब्दात उत्तर दिलं म्हणून राग आला का? आता सविस्तर लिवतो.'

त्याखाली निवृत्ती नावाच्या माणसाने लिहिलेला दहा ओळींचा सुंदर परिच्छेद होता: प्रस्तुत लेखातून आम्हास भाताच्या राबाविषयी मौलिक माहिती मिळाली, वगैरे. त्याखाली तोच परिच्छेद दुसऱ्या नावाने. मग तिसऱ्या. तोच परिच्छेद एकूण सव्वीस जणांनी उतरवून काढला होता. एकाने खाली निवृत्तीचं नावही तसंच ठेवलं होतं.

एकाने लिहिलं होतं, 'दुकानाच्या वायफायवरनं सगळीच लिवत्यात, कुनाचंच न्हाई घेतलं.' आता मला सगळं कळलं. वरच्या गावांत रेंज नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी सगळे राजूरला एकाच दुकानाच्या वायफायवर बसून लिहितात. इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला घरासारखा एक पत्ता असतो. वॉचमनला दिसलं, की एका पत्त्यावरून दोन तासांत चाळीस जण घुसतायत. त्याने दार लावलं. लोकांना माझा निरोप दिसला. त्यांनी तो गुरुजींचा समजून उत्तर सुधारलं, आणि शाळेत करायचे तसं हुशार मुलाचं बघून लिहिलं. तोच मजकूर सव्वीसदा आल्यावर वॉचमनची खात्रीच पटली.

स्क्रीन माझ्याकडे होती. गुरुजी बशीत चहा ओतत होते.

शेख सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं आणि अगदी हळू म्हणाले, "सर्व्हरचा प्रॉब्लेम होता म्हण. सर्व्हरला कोणी ओळखत नाही."

ते सोपं होतं. दोन बटणं दाबली की सगळ्या कमेंट आल्या असत्या आणि मला काही बोलावं लागलं नसतं. पण मग गुरुजींना एकाच दिवशी दोनशे माफीनामे मिळाले असते, आणि माफी कशाची हे त्यांना कधीच कळलं नसतं. मी दोन घोट चहा प्यायले. मग स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

"गुरुजी, यांना मी अडवलं होतं. चूक माझी आहे."

त्यांनी चष्मा बदलला. बराच वेळ वाचलं. बूटवाल्याचंही वाचलं. माझा निरोप वाचून म्हणाले, "हे वाक्य तू लिहिलंस?"

"हो."

"लाल पेनाने तीस वर्षं मी वह्यांवर हेच लिहीत आलो," ते म्हणाले. "त्यांनी मग फोन कशाला केला असता? मार्क का कापले हे मला कोणी कधी विचारलं नाही."

मग ते एका कमेंटपाशी थांबले. 'हौसाबाईनं राबाचं दोन पानं सांगितलं हुतं, तीबी न्हाई घेतली. म्हातारी बोलत न्हाई आता कुनाशी.'

"ही दोन पानं कुठे आहेत?"

कमेंटची तारीख बघितली, तर पानं त्याआधीची, पहिल्याच आठवड्यातली होती. तीस दिवस उलटून गेले होते. मी तेही सांगितलं.

गुरुजींनी पिशवी उचलली. "बाजाराच्या दिवशी राजूरला जाऊ. तू सांगशील त्यांना. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी तुला पाठीशी घालतोय."

मी शेख सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "जा. साईट व्हिजिट धरतो."

संगमनेर, अकोले करत आमची एसटी राजूरला पोहोचेपर्यंत मी मनात चार वाक्यं पाठ केली होती. निवृत्तीचं खता-बियाण्यांचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. बाहेर युरियाच्या गोण्यांवर पंधरा-वीस माणसं मोबाईल घेऊन बसली होती. गुरुजींना बघून सगळी एकदम उभी राहिली. त्यात पन्नाशीचेही होते.

माझी चारपैकी दोनच वाक्यं बाहेर आली. पण पुरली.

"म्हंजे गुरुजींनी न्हाई नापास केलं?" निवृत्तीने विचारलं.

"नाही. मशीनने."

"सव्वीस जणांना?"

"सगळ्यांनाच. बघून लिहिलेल्यांना तर खात्रीने."

"मी म्हनलंच हुतं, जरा बदलून लिवा," निवृत्ती बाकीच्यांना म्हणाला. "भाड्यांनी माझं नावसुदिक उतरवलं."

हौसाबाई कोपऱ्यात एका गोणीवर पाय पसरून बसली होती. तिला लिहिता येत नाही. ती सांगायची, निवृत्तीची बायको लिहायची. हौसाबाईने विचारलं, "माजी दोन पानं?"

"पुसली गेली, आजी. माझ्यामुळे."

"मंग म्या काय परत सांगायची न्हाई." मग पाय जवळ घेत म्हणाली, "तुमीच पुसलं ना? तुमीच लिवा. मी सांगती."

राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीचा तुकडा भाजून घेणं. खाली शेण, वर फांद्या, पालापाचोळा, गवत, त्यावर माती, मग आग. गुरुजींनी एका ओळीत लिहिलं होतं. हौसाबाईने पाऊण तास सांगितलं. कुठल्या झाडाच्या फांद्या घ्यायच्या, वारा बघून आग कुठून लावायची, गुरुजींचं कुठे चुकलं. मी मोबाईलवर मराठी टाईप करत होते आणि मागे उभे राहून गुरुजी माझं टायपिंग बघत होते. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेलाही मी एवढ्या वेळा खोडून लिहिलं नव्हतं.

लिहून झालं. मी 'पाठवा' दाबलं.

स्क्रीनवर आलं: 'आपला प्रतिसाद स्वीकारता येत नाही. सुधारून पुन्हा लिहा.'

दुकानाचा पत्ता मी आदल्या दिवशीच वॉचमनच्या ओळखीच्या यादीत टाकला होता. पण सकाळी राजूरची लाईट गेली होती, राऊटर बंद होऊन चालू झाला होता, आणि कनेक्शनला नवा पत्ता मिळाला होता. त्या अनोळखी पत्त्यावरून गोण्यांवरचे पंधरा-वीस जण सकाळपासून लिहीत होते. हे असं होतं, हे मला माहीत होतं. तरी विसरले.

निवृत्तीने माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचलं. सगळं दुकान हसलं. हौसाबाई सगळ्यात शेवटी हसली, पण सगळ्यात जास्त वेळ.

"म्याडम नापास," ती म्हणाली.

त्यानंतर माझ्याशी सगळे नीट बोलायला लागले.

तो वॉचमन मी तिथेच, गोणीवर बसून काढून टाकला. त्याच्या जागी एक अगदी साधा प्लगिन टाकला. त्याला स्टार कमी होते. तो पत्ता बघत नाही, मजकूर बघत नाही. फक्त एक प्रश्न विचारतो. उत्तर आलं तर दार उघडतो. प्रश्न आपण ठरवायचा. बेरीज ठेवू का, असं मी विचारलं. निवृत्ती म्हणाला बेरीज नको, आधीच लोक घाबरलेत. मग हौसाबाईने प्रश्न सांगितला: राब भाजल्यावर तिथं काय पेरतात?

'भात' लिहिलं की कमेंट जाते. माझी गेली.

पुसल्या न गेलेल्या दोनशे कमेंट मी सोडवल्या. गुरुजींनी प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं, सव्वीस सारख्यांनाही. ब्लॉग बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट, पावसाळ्यानंतर हौसाबाईच्या नावाने वेगळं सदर सुरू होणार आहे.

आता मी प्लगिन निवडताना स्टार शेवटी बघते. आधी विचारते, तुमच्याकडे कोण येतं आणि कुठे बसून लिहितं. आणि लोकांना दिसणारं प्रत्येक मराठी वाक्य शेख सरांना मोठ्याने वाचून दाखवते.

परवा गुरुजींचा फोन आला. सगळं छान चाललं होतं, म्हणून फोन कशासाठी ते कळेना. थोडं घुटमळून म्हणाले, "तो बूटवाला हल्ली लिहीत नाही."

"त्याला प्रश्नाचं उत्तर येत नसेल, गुरुजी."

"मी त्याला दोनदा विचारलं होतं, तुमच्याकडे भात होतो का," ते म्हणाले. "तेव्हाच समजायला हवं होतं."