आईच्या कबरीतली जागा

२०१६ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो — म्हणजे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. देवाला? त्याला ठाऊकच आहे, म्हणून त्याच्यापुढंही कधी तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगतो. चौथी शिकलेला गवंडी मी, लिहायला वेळ लागतो.

माझा धाकटा भाऊ शांतवन विठ्ठलवाडीला राहतो. आमचं घराणं कोपरीजवळच्या जुन्या चर्चमधलं. पन्नाशीनंतर यानं ते सोडलं आणि एका दुकानाच्या माळ्यावर भरणाऱ्या नव्या सभेत जायला लागला. तिथं त्याला परत बाप्तिस्मा दिला, पाण्यात बुडवून. लहानपणी कपाळाला पाणी लावलं तो म्हणे बाप्तिस्माच नव्हे. मग आई त्याला कडेवर घेऊन उभी राहिली होती ती कशाला? मला ते आईच्या तोंडात मारल्यासारखं लागलं. मी म्हणायचो, "पहिलं पाणी सुकलं होय रे तुझं?" तो हसायचा. "दादा, तू पण ये, तुझ्यासाठी गरम करून ठेवतो." पुढं हसणं संपलं. मी बोलणंच टाकलं.

त्याची बायको रूथ मात्र येत राहिली. दर नाताळला करंज्यांचा डबा. तिच्या लेखी माझं तारण झालेलं नव्हतं, म्हणजे स्वर्गाचं दार मला बंद, आणि ते ती तोंडावर सांगायची — भाऊजी, तुमचं चुकतंय — आणि त्याच श्वासात विचारायची, गुडघा कसा आहे. प्रीती, प्रीती म्हणतात ती हीच का? मला तेव्हा तो आगाऊपणा वाटायचा. पण करंज्या मी खायचो.

आई शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होती, ती त्यांच्याच घरी. तिचं हगणं-मुतणं रूथनं काढलं. आई गेल्यावर कबर मी बांधली, स्वतःच्या हातानं, कडेला घोटीव सिमेंट. आमच्या कबरस्तानात जागा कमी. घरातलं माणूस गेलं की जुनीच कबर उघडून त्यात ठेवतात. पण घरातल्या थोरल्यानं हो म्हणावं लागतं.

थोरला मी.

एका शनिवारी पहाटे रूथ गेली. शांतवन माझ्या दारात आला — सहा वर्षांनी. बसला नाही. म्हणाला, "दादा, तिला आईजवळ ठेवायचंय. तिनं एवढंच मागितलंय."

चर्चमध्ये विचारून येतो, म्हणालो मी. पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, यात विचारायचं काय, कबर तुमची आहे, तुम्ही हो म्हणा, आत्ता माणसं लावतो खणायला. आणि मी — मी काय म्हणालो असेन? म्हणालो, नको. ते तिला त्यांच्याच लोकांत ठेवणार आहेत.

परत येतानाचा तो रस्ता अजून डोळे मिटले की दिसतो. खाडीकडून खारट वारा येत होता. ऊन पांढरं, दुधासारखं. माणसं जात-येत होती पण कुणाचा आवाज नाही. मी पाण्याखालून चालतोय असं वाटत होतं. वाटेत कितीदा तरी मागं फिरता आलं असतं. पाय माझेच होते ना? दारात तो उभाच होता. मी म्हटलं, चर्चची कमिटी नाही म्हणते. तुम्ही सभेवाले, म्हणून. मी पुष्कळ सांगून पाहिलं.

दुपारी तिला विठ्ठलवाडीच्या पुढं एका नव्या जागेत पुरलं. ओळखीचं कुणी शेजारी नाही. पत्र्याच्या पाटीवर नाव. मी मूठभर माती टाकली. शांतवन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि म्हणाला, "दादा, तू तरी माझ्यासाठी भांडलास."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हो, फिरवला.

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. आमच्या चर्चवर त्याचा राग आहे, माझ्यावर नाही. रोज माझ्यासाठी प्रार्थना करतो, म्हणतो. ते पाळकसाहेब बदली होऊन गेले. आईच्या कबरीतली जागा तशीच आहे. ती आता मला मिळेल.

आणखी एक राहिलं.

रूथला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. ज्याचं भावाशी वाकडं असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा, मग भाकर घ्यावी, असं पाळकसाहेब दर वेळी सांगायचे आणि जरा वेळ थांबायचे. त्या सकाळीही थांबले. छताचा पंखा फिरत होता. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी उठलो, सगळ्यांच्या आधी पुढं गेलो, दुखरा गुडघा टेकला आणि भाकर घेतली.