हॉलमधलं प्रवाळ

निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात. आमच्या ह्यांनी गोडदेवच्या वन बीएचकेमध्ये समुद्रच आणून ठेवला. खाऱ्या पाण्याची टाकी, चार मासे आणि दगडावर मऊ प्रवाळाचा एक तपकिरी झुबका. दगडी प्रवाळ घरी ठेवायला बंदी आहे, म्हणून मऊ. बोटाएवढा आणलेला झुबका तळहाताएवढा झाला, तेव्हा ह्यांनी शेजारी पेढे वाटले. मी कपाळाला हात लावला.

यंदा मे महिन्यात टाकीतलं पाणी तापलं आणि झुबका पांढरा पडत गेला. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला रंग देतं आणि जेवूही घालतं. पाणी तापलं की प्रवाळ त्याला बाहेर काढतं आणि स्वतः उपाशी राहतं. बुद्ध पौर्णिमेला रत्नागिरीहून ह्यांच्या मावशी आल्या. टाकीपुढे उभ्या राहून मला म्हणाल्या, "दगड छान घासलास हो, अगदी पांढराशुभ्र दिसतोय." मला ह्यांच्या तोंडाकडे बघवेना.

पाणी थंड राहावं म्हणून झुबका पांढरा पडू लागल्यापासून आम्ही एसी लावून, खिडक्या गच्च बंद करून राहत होतो. त्यात पौर्णिमेच्या बुद्धवंदनेला घर भरून माणसं जमली, मेणबत्त्या, अगरबत्त्या लागल्या. ह्यांनी हळूच पाणी तपासलं. आम्लता वाढली होती, आणि झुबका पार मिटला होता.

"अगं, आपलाच श्वास जिरतोय पाण्यात, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने ते आम्ल होतंय," ते माझ्या कानाशी म्हणाले. "खिडकी उघडली तर पाणी तापणार, बंद ठेवली तर हे असं."

आगीतून फुफाट्यात. आणि वंदनेला आलेल्या माणसाला बाहेर जा म्हणायचं तरी कसं?

शेवटी शेजारी बसून हे ऐकणाऱ्या सासूबाईच उठल्या. "चला, गच्चीवर बसू. मूर्ती मी घेते." बघता बघता हॉल रिकामा झाला. ह्यांनी खिडक्या उघडून हवा बदलली, मग पुन्हा लावून घेतल्या. वंदना उघड्यावर झाली. मावशींना तर गच्चीवरचा वारा इतका आवडला, की जेवायलाही त्या खाली येईनात.

काही आठवड्यांनी झुबक्याच्या बुडाशी तपकिरी छटा आली. ह्यांनी मला हाताला धरून दाखवली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"तिकडे लक्षद्वीपलाही प्रवाळ पांढरं पडतंय," ते म्हणाले. "आणि पाण्यातली आम्लता अशीच वाढत गेली, तर दगडी प्रवाळाला चुन्याचा सांगाडा बांधणंही जड जाणार."

आमची माणसं गच्चीवर गेली म्हणून निभावलं. त्या समुद्रात साऱ्या जगाचा धूर जिरतोय. तिथे कुणी, कुणाला, कुठे जा म्हणायचं?