मामांच्या स्क्रीनवरची जनावरं

आधीच सांगते, नजर लागणं, भानामती, अंगात येणं असल्या गोष्टींना मी दारातही उभं करत नाही. राहात्यात माझं डीटीपीचं दुकान आहे – लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. काही बिघडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढंच मला माहीत. हे एक मात्र सापडलेलं नाही, म्हणून लिहितेय.

काम नसलं की मी कॉम्प्युटरच्या थीम बनवते. वॉलपेपर, आयकॉन, माउसचा बाण, सगळं आपल्या मनासारखं. नवरा याला रिकामटेकडे उद्योग म्हणतो. म्हणू दे.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, जन्मभर पुणतांब्यात शेतावर राहिले. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. आम्ही त्यांना राहात्याला आणलं, जनावरं विकावी लागली. काही महिन्यांनी ते चालायला लागले, पण उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – आता हलवला नाही तर कायमचा जाईल. व्यायामाला रबरी चेंडू दिला. मामा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ‘मी काय बारकं पोर हाय का?’

म्हणून दुकानातला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खाटेजवळ मांडला आणि त्यांच्यासाठी थीम केली. वॉलपेपरवर त्यांची विहीर, कडुलिंब आणि त्याची सावली. आयकॉन म्हणजे त्यांची विकलेली जनावरं – हरणी गाय, चंद्री म्हैस, दोन बैल, बिजली कालवड. माउसचा बाण म्हणजे हाकायची काठी. रिसायकल बिनचा मी उकिरडा केला. त्यांनी निदान माउस तरी धरावा, एवढाच माझा हिशेब.

मामा बघत राहिले. म्हणाले, ‘हरणीचं शिंग डाव्या अंगाला लई वाकडं हुतं.’ मी दुरुस्त केलं. माउसला मात्र हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले, तर सगळी जनावरं कडुलिंबाच्या सावलीत. सकाळी मी ती विहिरीपाशी ठेवली होती.

‘मामा, डाव्या हातानं हलवलंत ना?’

‘मी न्हाई. ऊन झालं की जनावर सावली धरनारच की.’

रोज तेच. मी पुन्हा उन्हात ठेवून जायची, दुपारी ती सावलीत. आयकॉन आपोआप रांगेत लावणारं ऑटो अरेंज बंद होतं, व्हायरसही नव्हता. तीच थीम दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकली... तिथे जनावरं दिवसभर उन्हात जागच्या जागी. मग घरचा माउस आणि कीबोर्ड काढून पिशवीत घालून दुकानात नेले. दुपारी परत येऊन बघते – जनावरं सावलीत. शेवटी वॉलपेपरवरची सावलीच झाडाच्या दुसऱ्या बाजूला काढली. जनावरं त्या बाजूला गेली.

बिजली सोडून. ती एकटी जुन्या जागी, उन्हात.

मामांना ते बघवेना. दोन घास खाल्ले की त्यांची नजर स्क्रीनवर. ‘आगं, तेवढी कालवड घे की सावलीला. बारकी हाय, तिला कळंना.’

‘तुमचं जनावर, तुम्ही हाका.’ मी माउस परत जोडला आणि त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवला.

‘लई कठोर हायेस तू.’

‘आहेच.’

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बिजली उन्हातच होती. तिसऱ्या दुपारी मी भाकरी खात होते, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून माउसवर ठेवला. मग डावा काढून घेतला. बोट दाबेना, दाबलं तर सुटेना. काठी थरथरत बिजलीपाशी पोचली, बिजली हलली, आणि मध्येच बोट सुटून ती नेमकी विहिरीवर जाऊन पडली.

‘हिरीत टाकली की गं,’ म्हणाले आणि हसायला लागले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मी ताटावरून उठले नाही, मदतही केली नाही. माझी भाकरी वाळून गेली, पण बिजली सावलीत पोचली.

त्या दिवसापासून जनावरं स्वतःहून कधीच हलली नाहीत. मामाच रोज हाकतात, आणि मी सकाळी मुद्दाम लांब ठेवते. दोन कॉम्प्युटरवाल्यांना दाखवलं. दोघांनी सेटिंग बघितलं आणि माझ्याकडे संशयानं बघितलं.

परवा जेवताना मामांनीच विषय काढला. ‘खरं सांग. आधी तूच हलवत हुतीस ना? माज्यासाठी?’

‘शप्पथ नाही, मामा. मला वाटायचं तुम्हीच.’

‘बरं, बरं. नगं सांगूस.’

त्यांचा काही विश्वास बसला नाही. उजव्या हातानं त्यांनी लोणच्याची बरणी ओढली आणि मला लोणचं वाढलं... निम्मं ताटात, निम्मं माझ्या साडीवर.