फिलूबायचा कान

फिलूबाय बाळाच्या पाठीला कान लावायची तेव्हा आमच्या तोंडवलीच्या वाडीत बारशाला जमलेल्या बायकासुद्धा गप्प बसायच्या, आणि हे काही सोपं काम नव्हे. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर आमच्या शेजारी एकटीच राहायची. तिचा विश्वास गळ्यातल्या स्टेथोस्कोपपेक्षा स्वतःच्या उजव्या कानावर. ऐकून झालं की म्हणायची, "बरा आसा चेडू. घाला पाळण्यात." त्याशिवाय वाडीत मूल पाळण्यात जात नसे. "रडता त्या पोराक भियाव नको गो, गप रवता त्याका भी," हे तिनं प्रत्येक नव्या आईला ऐकवलेलं.

माझ्या सईच्या बारशाला मात्र ती दारातच थांबली. नाकाला रुमाल.

"माका पडसा झाला हा. आज नको गो."

मी हट्टाला पेटले. "तू कान लावल्याशिवाय चेडू पाळण्यात कसा घालू?" म्हणत सईला तिच्या हातात ठेवलंच. एवढ्याशा सर्दीनं काय होतंय, असंच आम्हाला वाटायचं.

चौथ्या दिवशी सई दूध ओढेना, रडेना. हाकेसरशी धावत आलेल्या फिलूबायनं दुपटं बाजूला केलं. श्वासागणिक बरगड्या आत जात होत्या. "गाडी काढा!" ती ओरडली. मालवणच्या दवाखान्यात सई आठ दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी विचारलं, बाळाजवळ कुणाला सर्दी होती? फिलूबाय शेजारीच उभी होती. मी तिच्याकडे बोट केलं. बाळ तिच्या हातात कुणी दिलं, ते मी बोलले नाही. तीही बोलली नाही.

सई वाचली, पण दर सर्दीला तिच्या छातीत शिटी वाजू लागली. फिलूबायनं पुन्हा एकाही बाळाला कान लावला नाही. रोज दुपारी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन तेवढं विचारायची, "आज शिटी वाजता?"

मी "वाजते" म्हणून आत जायचे. तिच्याशी मी मालवणी सोडून दिली होती. कचेरीत बोलावं तशी बोलायचे.

सई पाच वर्षांची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "विषाणू केव्हाच गेला. त्याच्याशी लढताना शरीरानंच श्वासाच्या नळ्या सुजवल्या. काही मुलांच्या नळ्या पुढेही लगेच चिडतात. हिच्या मुळातच तशा असतील. कुणामुळे, ते सांगता येत नाही."

हे मी फिलूबायला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे बारशाचा दिवस उकरायचा, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

गेल्या माघात ती झोपेतच गेली. वाडी रडली. मला रडायचीही लाज वाटली. आदल्या दुपारी ती गडग्यापाशी आली होती, धापा टाकत.

"वाजता गो?"

सई शाळेत होती. महिनाभर तिची छाती अगदी साफ होती.

"वाजते," मी सवयीनं म्हटलं.