तोंडाने घातलेले सूर्यनमस्कार

श्वासाश्वासाचा जो साक्षी, चराचराचा जो डोळा, त्या सवितृदेवाला वंदन करून लिहायला बसलो आहे. आज माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून मातीच्या बोळक्यात दूध उतू जाऊ दिले. आजवर हे काम माझ्या पत्नीचे होते. ती काल दुपारच्या बसने कळवणला धाकट्या बहिणीकडे गेली, चांगली आठ दिवसांसाठी. एका रात्रीहून अधिक काळ ती घराबाहेर राहिली, याला किती वर्षे लोटली ते आम्हा दोघांनाही आठवेना. तिच्या जाण्याच्या आणि या तिथीच्या निमित्ताने गेल्या रथसप्तमीची माझी फजिती, आणि त्या फजितीनंतर वर्षभरात जे घडले ते, सांगावेसे वाटते.

नाशकात आमच्या वसाहतीत गणपतीचे लहानसे मंदिर आहे. रथसप्तमीला त्याच्या अंगणात सामुदायिक सूर्यनमस्कार होतात. संस्कृतचा निवृत्त शिक्षक म्हणून सूर्याची नावे म्हणण्याचा आणि स्थितींचे आकडे पुकारण्याचा मान माझा. गुडघ्यांची सबब सांगून मी खुर्चीवर बसत असे. हातात माईक आणि समोर सतरंज्यांवर पंचवीस-तीस माणसे. गेल्या वर्षी चार नमस्कार यथासांग झाले. पाचव्याला मी ‘सहा’ असा आकडा पुकारला. सहाव्या आकड्याला कपाळ, छाती, गुडघे भूमीला टेकतात. त्यापुढचे मला काहीच आठवत नाही.

मंडळी कपाळ टेकवून ‘सात’ची वाट पाहत राहिली. आज गुरुजींनी भक्तिभावाने साष्टांग लांबवला, असे काहींना वाटले म्हणे. तेवढ्यात माईकमधून घोरणे ऐकू आले. मग ते एकाएकी थांबले. अंगणात काही क्षण पूर्ण शांतता. आणि मग गुदमरलेल्या माणसाने घ्यावा तसा मोठा, घरघरता श्वास. त्याने मीच दचकून जागा झालो.

पहिल्या रांगेतल्या एक काकू जमिनीवरूनच म्हणाल्या, “गुरुजी, उठायचं का आता? की पुढच्या सप्तमीपर्यंत असंच राहायचं?”

अंगण हसले. मीही हसलो. एकटी माझी पत्नी हसली नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, “लोकांना आज ऐकू आलं. मी रोज ऐकते. तुम्ही घोरता, मग थांबता. मी मनात आकडे मोजते. वीसपर्यंत गेले की तुमचा खांदा हलवते, तेव्हा कुठे गाडी पुन्हा सुरू होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“दहादा बोलले. तुम्ही म्हणालात, दमलेला माणूस घोरतोच.”

“आणि कळवणला जात नाहीस ती गुडघे दुखतात म्हणून ना?”

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? मी तिकडे गेले असते तर इथे तुमचा खांदा कोणी हलवायचा?”

यावर मी जे उत्तर दिले ते लिहिताना आज संकोच वाटतो. मी म्हणालो, “मुंज झाल्यापासून संध्येत प्राणायाम करतो आहे. माझा श्वास माझ्या ताब्यात आहे.”

“जागेपणी,” ती म्हणाली, आणि मेथी निवडायला बसली.

तिच्या आग्रहापुढे मी नमलो आणि झोपेच्या तपासणीला तयार झालो. छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून एक रात्र झोपलो. त्या रात्रीचा आलेख डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दाखवला. त्या वयाने आमच्या मुलीहून लहान, पण बोलणे अतिशय शांत. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट मिटते, श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, म्हणून मेंदू दचकवून उठवतो. रात्रभर हेच चालते, आणि म्हणून दिवसा डोळा लागतो, असे त्यांनी समजावले. या आजाराला त्या स्लीप ॲप्निया म्हणाल्या. रात्री मुखवटा लावून हवा सोडणारे यंत्र वापरावे लागेल, हे सांगून त्यांनी विचारले, “आजोबा, व्यायाम काही?”

“रोज बारा सूर्यनमस्कार,” मी म्हणालो.

शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, “तोंडाने.”

डॉक्टरीणबाईंना कळेना. पत्नीने खुलासा केला, “पाटावर बसून बारा नावं म्हणतात, हात जोडतात, उठतात. पाठ वाकलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नाही.”

ते अक्षरशः खरे होते. मंत्र शुद्ध म्हटला की कर्म पूर्ण झाले, अशी माझी समजूत होती. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. माझे पाय पाहून त्यांनी मोज्यांचा वळ बोटाने दाबला. दिवसभर बसून पायांत पाणी साचते, आडवे झाल्यावर ते मानेकडे सरकते आणि घशाची वाट आणखी अरुंद होते, असेही काहींच्या बाबतीत होत असावे, असे त्या म्हणाल्या. नियमित चालण्याने त्रास कमी होऊ शकतो, वजन फारसे उतरले नाही तरीही. मात्र व्यायाम यंत्राच्या सोबतीने करायचा, त्याच्याऐवजी नाही. हृदयाची तपासणी झाल्यावर त्यांनी चालण्याचे माप सांगितले: “सोबत्याशी बोलता यावं, पण स्तोत्र म्हणता येऊ नये, इतक्या वेगानं चाला.”

यंत्र आले. मुखवटा लावलेला पाहून पत्नी म्हणाली, “सोंड आली. आता मोदक तेवढे कमी खा.” यंत्राशी जुळवून घ्यायला काही आठवडे गेले. त्याहून अवघड गेले ते चालणे. नामाविना टाकलेले पाऊल मला व्यर्थ वाटे. म्हणून मी गोदाकाठी माळ घेऊन जात असे आणि जपाच्या लयीत, एका नामाला एक पाऊल, असा चालत असे. महिना झाला तरी सायंकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा तो रुतायचाच.

आमच्या मागच्या इमारतीत एसटीचे निवृत्त कंडक्टर राहतात. त्यांचे कुटुंब बौद्ध. वीस वर्षे आम्ही जिन्यात नमस्काराला जय भीम आणि जय भीमला नमस्कार, एवढेच बोललो होतो. तेही असेच यंत्र लावून झोपतात, हे मला एका सकाळी ते गोदाकाठी भेटले तेव्हा कळले. माझ्याशेजारी थोडे चालून ते थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, राग मानू नका. ही प्रदक्षिणा झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?”

“जप चुकतो हो भराभर चाललं की.”

“मग जप घरी करा. तुमचा देव काय पळून जाणार आहे का? चला, पुढे सरका, पुढे सरका! गाडीत जागा आहे.”

असा त्यांचा जन्मभराचा धंद्याचा आवाज त्यांनी लावला, आणि मी माळ खिशात टाकली.

त्या दिवसापासून आम्ही दोघे रोज निघू लागलो. धोतराखाली पांढरे बूट पाहून पत्नी दारात म्हणाली, “नवरदेव निघाले वाटतं.” पहिल्या दिवसांत पुलापर्यंतच दम लागे. पुढे वर्षाकाळ सरला, तसे आम्ही रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढू लागलो. कंडक्टर मित्र त्या लेण्यांना त्रिरश्मी म्हणतात. वर पोचल्यावर ते बुद्धमूर्तीसमोर वंदना म्हणत, मी बाहेरच्या कठड्याशी सूर्याला हात जोडत असे, आणि मग आम्ही एकाच डब्यातले चणे खात असू. चढताना मला बोलता येई, स्तोत्र म्हणता येत नसे. ते मौन मला हळूहळू आवडू लागले. ज्याचे नाव घ्यायचे त्यानेच दिलेला श्वास छातीत जोराने ये-जा करीत होता. त्याला दुसऱ्या नामाची गरज भासेना.

घरी नमस्कारही सुरू केले. पहिल्या दिवशी एकच झाला, तोही पत्नीच्या खांद्याचा आधार घेऊन. भूमीला कपाळ लागले तेव्हा फरशीचा गारवा जाणवला आणि डोळे भरून आले. इतकी वर्षे ज्याला मी नमस्कार केला असे म्हणत होतो, त्याच्यापुढे देह कधी झुकलाच नव्हता.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली. मनात आशा होती की यंत्र परत करता येईल. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. वजनात जेमतेम फरक होता. यंत्राविना झोपलो त्या रात्रीही श्वास अडण्याचे प्रसंग पहिल्यापेक्षा कमी झाले होते, संपले नव्हते. “छान आहे. पण मुखवटा सोडायचा नाही, आणि चालणंही,” त्या म्हणाल्या. मी खट्टू झालो. पत्नी मात्र पहिला आलेख बाजूला सारून दुसराच पाहत राहिली. बाहेर रिक्षात तिने एवढेच विचारले, “म्हणजे मी रात्री आकडे मोजले नाहीत तर चालेल?”

मी म्हणालो, “चालेल.”

पण सवय अशी सुटत नाही. दुपारी जेवणानंतर माझा डोळा लागणे थांबले, पायांवरची सूज ओसरली, तरी पहाटे ती मला विचारी, “बरे आहात ना?” संक्रांतीला कळवणहून नेहमीचा फोन आला, “ताई, या वर्षी तरी ये.” ती नेहमीचे गुडघ्यांचे कारण सांगायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्याकडे पाहिले. मी खुणेने बूट दाखवले. तिने फोनवर म्हटले, “येते.”

काल बसमध्ये चढताना तिच्या सूचना संपत नव्हत्या: मुखवट्याचा पट्टा, नळीतले पाणी, बिनसाखरेचा चहा. कंडक्टर मित्र सोबत आले होते. ते म्हणाले, “वहिनी, निर्धास्त जा. फेरी चुकली तर मी घंटी मारीन.”

आज सकाळी मंदिराच्या अंगणात मी खुर्ची घेतली नाही. माईक त्या पहिल्या रांगेतल्या काकूंच्या हाती दिला आणि सतरंजीवर उभा राहिलो. बारा नाही, पाच नमस्कार झाले. ‘सहा’ म्हणून काकू मुद्दाम क्षणभर थांबल्या, सारे अंगण हसले, आणि मी कपाळ टेकवून ‘सात’ची वाट पाहिली, पूर्ण जागा.

आठ वाजता कळवणला फोन केला. मेहुणीने उचलला.

“भावोजी, ताई अजून झोपलीय. काल जेवली आणि जी आडवी झाली, ती कूस बदललेली नाही. दूध उतू गेलं, भांडी वाजली, हिला पत्ता नाही. उठवू का?”

“नको,” मी म्हणालो. “तिची झोप पुष्कळ वर्षांची राहिली आहे.”

वाचकहो, तुमच्या घरी सूर्य रोज आरोग्य घेऊन उगवो. तुमच्या माणसांचे श्वास अखंड, सुखरूप चालोत, आणि ते ऐकत जागणाऱ्यांच्याही वाट्याला गाढ, निश्चिंत झोप येवो.